घरकामाचाही तोडणी कार्यक्रम लावा

सभासद बंधू-भगिनींनो,

दर वेळी मी बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या वेळी विषय घरातला आहे. आपल्यापैकी काही सभासदांनी मुलांच्या शिक्षणासाठी गारखेडा परिसरात खोली घेतली आहे. माझेही बिऱ्हाड तिथेच. थोरला मुलगा संगणकाची पदविका करतो. संगणकाला दिलेले काम कमी वेळात कसे उरकावे, याचे नियम त्यांना शिकवतात. ते ऐकले आणि वाटले, हे तर आपल्या गळीत हंगामाचेच नियम! घरालाही तितकेच लागू पडतात.

१. खोळंबा कुठे आहे ते आधी पाहा

तोडणीच्या टोळ्या कितीही वाढवा, गव्हाणीत मावेल तेवढाच ऊस गाळला जातो. बाकीच्या गाड्या अड्ड्यावर उभ्या. संभाजीनगरला जायकवाडीचे पाणी येते, पण गेली कित्येक वर्षे ते काही दिवसांआडच येत आले आहे. पाण्याच्या दिवशी घरोघरी भरणे, धुणे, अंघोळी, डबे सगळे एकाच नळावर येते. तिथली गव्हाण म्हणजे तो नळ.

हे कळायच्या आधी मी एक उद्योग केला. वेळ वाचावा म्हणून स्वयंपाकघरातले डबे नव्याने मांडले. दोन दिवस सौ.ला मीठ सापडेना! खोळंबा डब्यांत नव्हताच. डोनाल्ड नूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने 1974 सालीच सांगून ठेवले आहे की बहुतेक वेळ कामाच्या थोड्याच भागात जातो. तो भाग मोजून काढण्याआधी बारीकसारीक काटकसरीच्या मागे लागू नये. आता पाणी आले की आम्ही फक्त भरतो. धुणे दुपारी, भरलेल्या पाण्यावर.

२. वेळ लागतो पण हात लागत नाहीत, ती कामे आधी

मटकी भिजायला रात्र लागते, पण तिच्याजवळ कोणी बसावे लागत नाही. टाकी भरणे, दूध तापणे, कुकर होणे, ही सगळी त्याच जातीची कामे. ती आधी सुरू करून द्यावीत आणि तेवढ्यात हाताची कामे उरकावीत. संगणकही असेच करतो. एक काम वाट पाहत असले की तो रिकामा न बसता दुसरे घेतो.

३. खेपा कमी करा, पण शिळे होऊ देऊ नका

अर्धी गाडी भरून कोणी कारखान्यावर येत नाही. मग पायलीभर दळणासाठी गिरणीच्या चार खेपा कशाला? सारखे लागते ते हाताशी ठेवावे, वर्षाचे तिखट उन्हाळ्यात एकदाच करून ठेवावे. संगणकातही वारंवार लागणारी माहिती जवळच साठवतात. मात्र साठवणीला मर्यादा आहे. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकी साखर घटते, म्हणून तो शक्यतो 24 तासांत गाळपाला जावा, असे मी नेहमी सांगतो. भिजवलेली कणीक आणि शिजवलेली भाजी यांचेही तसेच आहे.

४. काम वाटा

हा नियम सर्वांत महत्त्वाचा. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने 1967 साली दाखवून दिले की कामाचा जो भाग वाटता येत नाही, त्याच्यापुढे कितीही मदतनीस आणले तरी वेळ त्याखाली जात नाही. मटकीजवळ चार जण बसले म्हणून ती लवकर भिजत नाही. कबूल. पण भांडी, अंथरुणे, पाणी भरणे, मुलांचे डबे ही कामे तर वाटता येतात ना? मग ती एकाच माणसाच्या अंगावर का?

केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात असे आढळले. घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात थोडेच. वर, आपल्याकडे बायका घरचे आटोपून खुरपणीला उसातही असतात. एका बैलावर सगळे ओझे घालून गाडी हाकणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

मी हे सगळे नियम घरी समजावून सांगितले, तेव्हा सौ.ने विचारले, “आणि वाचलेल्या वेळात आता आणखी कोणतं काम काढणार?” मला उत्तर सुचेना. नंतर उमगले, वाचलेला वेळ तिचा आहे. त्यात नवे काम घालायचे नाही. पाणी भरणे आता माझ्याकडे, भांडी मुलाकडे.

सभासदांना विनंती, लागणीची नोंद ठेवता तशी आठ दिवस घरकामाची नोंद ठेवा. कोणते काम, किती वेळ, कोणी केले. वही पाहिलीत की पुढचा कार्यक्रम कसा लावायचा ते तुमचे तुम्हालाच कळेल.

कळावे,

आपला,
ऊस विकास अधिकारी