पोरगं ‘ढ’ नाही, त्याला साधन पाहिजे. वाचून दाखवणारा मोबाईल वर्गात कसा उपयोगी पडतो?

मारेगाव : कापसाचा हिशोब तोंडी चटकन सांगणारं पोरगं पुस्तकातल्या दोन ओळी वाचताना अडखळतं. ‘म’ आणि ‘भ’ मध्ये गोंधळतं, वेलांटी उलटी काढतं. मग त्याला ‘ढ’ ठरवून मागच्या बाकावर बसवतात. अशा काही मुलांना अध्ययन अक्षमता असू शकते. तिचा बुद्धीशी संबंध नसतो. ‘तारे जमीं पर’ (2007) या सिनेमातला ईशान असाच होता.

साधनं कोणती?
सगळीच महाग नाहीत. वाचायची तेवढीच ओळ दिसेल अशी पुठ्ठ्याची खिडकी, मोठ्या अक्षरातला मजकूर, जाड पेन्सिल, इथूनच सुरुवात होते. त्यापुढे मोबाईल. छापील पानाचा फोटो काढला की त्यातला मजकूर मराठीत वाचून दाखवणारी सोय आता साध्या स्मार्टफोनवरही मिळते. पोरगं बोट ठेवून ओळ पाहतं आणि सोबत ऐकतं. लिहिण्यासाठी गुगलचं मराठी व्हॉइस टायपिंग 2017 पासून आहे. बोललं की अक्षरं उमटतात. मुलाच्या डोक्यातलं उत्तर हात चालत नाही म्हणून अडून राहत नाही.

यानं पोरं आळशी होतील, अशी शंका पालक घेतात. पण चष्म्यानं डोळे आळशी होत नाहीत. धडा समजून घेण्यासाठी ऐकणं आणि अक्षरओळखीसाठी रोज थोडा वेगळा सराव, दोन्ही सोबत चालवावं लागतं. मोबाईल शिक्षकाची जागा घेत नाही.

कोलामी बोलणाऱ्या मुलांचं काय?
तालुक्यातल्या कोलाम पोडांवर घरची भाषा कोलामी आहे. ती द्रविड कुळातली, मराठीहून वेगळी. त्यामुळे पहिली-दुसरीतलं मूल मराठी वाचताना अडलं म्हणजे त्याला अक्षमता आहे, असं लगेच समजू नये. मराठीसाठी बनवलेल्या व्हॉइस टायपिंगला कोलामी कळत नाही, वऱ्हाडी बोलण्यातही ते चुकू शकतं. म्हणून उमटलेला मजकूर मुलासोबत परत वाचून दुरुस्त करणं गरजेचं. डोळे आणि कान मात्र आधी तपासून घ्यावेत.

कायदा काय म्हणतो?
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे, त्यात अध्ययन अक्षमताही येते. ती लवकरात लवकर ओळखणं ही शाळेची जबाबदारी आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला 18 वर्षांपर्यंत पुस्तकं आणि योग्य सहाय्यक साधनं मोफत द्यावीत, असं कलम 17 सांगतं. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकाची तरतूदही याच कलमात आहे.

पालकांनी काय करावं?
आधी वर्गशिक्षकांशी बोलावं. मग पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांची चौकशी करावी. प्रमाणपत्र सरकारी दवाखान्यात तपासणी झाल्यावर मिळतं. युडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. दहावीच्या वर्षापर्यंत थांबू नये. तपासणीला वेळ लागतो, आणि तोवर शाळाच नको म्हणणारं पोरगं पुन्हा वर्गात आणणं जड जातं.