माहीमची बखर कशी वाचावी?

पालघर स्टेशनवरून समुद्राकडे गेले की माहीम गाव लागते. उत्तर कोकणाच्या इतिहासाचे एक जुने मराठी साधन याच नावाने ओळखले जाते : ‘महिकावतीची ऊर्फ माहीमची बखर’. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली.

पहिली गोष्ट, हे एका हातचे पुस्तक नाही. यात सहा प्रकरणे आहेत, काही गद्य, काही पद्य. ती वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या काळात रचली. राजवाड्यांच्या मते दुसरे आणि तिसरे प्रकरण सर्वांत जुने. ती केशवाचार्यांनी शके १३७० मध्ये, म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमारास लिहिली. म्हणून वाचायला सुरुवात तिथूनच करावी.

दुसरी गोष्ट, लिहून कोणी घेतले? मालाडच्या नायकोरावांना देवीचा दृष्टान्त झाला आणि महाराष्ट्रधर्म टिकावा म्हणून त्यांनी केशवाचार्यांकडून वंशकथा लिहून घेतली, असे बखरच सांगते. जपानमध्ये इ. स. ७१२ साली असेच घडले. सम्राज्ञी गेनमेई यांच्या आज्ञेवरून दरबारी विद्वान ओ नो यासुमारो यांनी हिएदा नो आरे यांच्या मुखोद्गत कथा लिहून ‘कोजिकी’ पुरी केली. देवांच्या जन्मापासून निघून ती राजघराण्याच्या वंशावळीपर्यंत येते. जिथे लिहून घेणारा असतो, तिथे त्याचे घराणे, कुळ, मानपान यांना झुकते माप मिळणारच.

तिसरी गोष्ट, पडताळा. शके १०६० मध्ये प्रतापबिंब राजा ६६ कुळे घेऊन कोकणात उतरला, असे बखर म्हणते. पण त्याच सुमारास उत्तर कोकणात शिलाहार अपरादित्याची सत्ता होती, हे शिलाहारांच्या लेखांवरून दिसते. तेव्हा बिंबाचे राज्य किती मुलखावर होते, हा प्रश्न उरतोच. बखरीआधीच्या काळासाठी तारापूरशेजारच्या चिंचणीचे ताम्रपट आहेत. त्यांतल्या शके ८४८ च्या पटात संजाण मंडळाचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने मोहम्मद नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत असल्याची नोंद आहे. कुळकथांत न मावणारा इतिहास असा तांब्यावर सापडतो.

थोडक्यात, पंधराव्या शतकातली माणसे स्वतःला कोण समजत होती, हे बखरीला विचारावे. सनावळी मात्र शिलालेख-ताम्रपटांशी ताडून मगच स्वीकारावी.