कुमारवयीन कादंबरीचे माध्यमांतर आणि वाचकाची प्रतीक्षा : ‘शाळा’च्या निमित्ताने

प्रास्ताविक :
आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघणार असे जाहीर झाले की वाचकाच्या मनात आनंद आणि धास्ती एकाच वेळी उत्पन्न होते. कुमारवयात वाचलेल्या पुस्तकाच्या बाबतीत ही धास्ती अधिक असते. कारण त्या वयातील वाचक पात्रांना आपल्याच वर्गातील चेहरे बहाल करीत असतो. प्रस्तुत लेखात या प्रतीक्षेचे स्वरूप पाहून साहित्याच्या अध्यापनात तिचा उपयोग कसा करता येईल, याचा विचार करावयाचा आहे.

‘शाळा’ : शब्दाकडून पडद्याकडे
मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी हा तिचा निवेदक. शिरोडकर या वर्गमैत्रिणीविषयीची त्याची ओढ हा कथेचा गाभा असला, तरी कादंबरीचे खरे सामर्थ्य जोशीच्या निवेदनात आहे. तो इतरांशी जे बोलतो आणि मनाशी जे बोलतो, त्यांतील अंतरातून त्याचे वय उलगडते. कॅमेऱ्याला नजर टिपता येते, नजरेमागील विचार थेट सांगता येत नाही. म्हणूनच वाचकाची धास्ती निराधार म्हणता येत नाही.

सुजय डहाके दिग्दर्शित ‘शाळा’ २० जानेवारी २०१२ रोजी प्रदर्शित झाला. ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि रूपांतरित पटकथेचा पुरस्कार अविनाश देशपांडे निगडी यांना मिळाला. तरीही चित्रपट पाहिल्यानंतर शिरोडकर म्हटले की केतकी माटेगावकर यांचाच चेहरा समोर येतो. प्रत्येक वाचकाची निराळी असलेली शिरोडकर सर्वांसाठी एकच होते. हा लाभ आहे, तशी हानीही आहे.

अपेक्षांचे क्षितिज :
वाचक कलाकृतीकडे पूर्वानुभवातून घडलेल्या अपेक्षा घेऊन येतो, हे जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी ‘अपेक्षांचे क्षितिज’ या संकल्पनेतून मांडले. या अपेक्षा काळानुसार बदलतात. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. डहाके यांनी २०२३ मध्ये त्याच पुस्तकावर कृष्णधवल चित्रपट केला, तेव्हा प्रेक्षकाच्या मनात पुस्तकाबरोबर अत्रे यांचा चित्रपटही होता. भा. रा. भागवतांचा शाळकरी ‘फास्टर फेणे’ २०१७ च्या चित्रपटात वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला. येथे कथानक बदलले, परंतु संकटात उडी घेण्याचा नायकाचा स्वभाव कायम राहिला. तात्पर्य, ‘चित्रपट पुस्तकासारखा आहे काय?’ हा प्रश्न अपुरा असून ‘पुस्तकातील कोणता जीव चित्रपटाने राखला?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

अध्यापनातील उपयोग :
राहुरीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शिकणारा विद्यार्थी ‘शाळा’ वाचतो, तेव्हा त्या निमशहरी शाळेच्या जागी तो आपल्या गावची शाळा बसवू शकतो. तेथील पटांगण, तेथील बाक, वाटेवरचा ऊस. हे स्वातंत्र्य केवळ वाचनाने मिळते. चित्रपट आधी पाहिल्यास ते अनुभवण्यापूर्वीच संपते. ‘विद्यार्थी वाचत नाहीत, चित्रपट पाहतात’ अशी तक्रार आपण प्राध्यापक करतो. मात्र चित्रपटाच्या घोषणेपासून प्रदर्शनापर्यंतचा काळ वाचनासाठी किती अनुकूल असतो, याकडे आपले दुर्लक्ष होते.

या काळात तीन गोष्टी करता येतील. एक, विद्यार्थ्यांनी आवडत्या पात्राचे वर्णन लिहावे आणि त्यातील किती पुस्तकाने सांगितले व किती आपण भरले, हे पडताळावे. दोन, मनोगताचा एखादा उतारा घेऊन निवेदनाचे एकही वाक्य न वापरता त्याचे दृश्य लिहावे. तीन, चित्रपट पाहून झाल्यावर दिग्दर्शकाने तीच अडचण कशी सोडवली, याची तुलना करावी. यातून माध्यमांतर म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा अनुभवाने कळते.

समारोप :
माध्यमांतराने पुस्तक नष्ट होत नाही; ते कपाटात जसेच्या तसे असते. बदलते ते वाचकाच्या मनातील चित्र. ते चित्र विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः रेखाटलेले असावे, एवढी काळजी शिक्षकाने घेतली, तर चित्रपट हा पुस्तकाचा प्रतिस्पर्धी न राहता त्याचे दुसरे वाचन ठरेल.