किनाऱ्याचा ताळेबंद
लेखमाला : गावानं ठरवावं (भाग सहावा)

गेल्या आठवड्यात आपण हिवरे बाजारच्या पाण्याचा ताळेबंद पाहिला. नगर तालुक्यातलं हे गाव दरवर्षी पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजतं. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतं आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची, ते ग्रामसभेत ठरवतं. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून तिथं एक रीत पडली: आधी मोजायचं, मग सगळ्यांदेखत ठरवायचं. आज हीच रीत घेऊन समुद्राकाठच्या गावांकडे जायचं आहे. तिथं टंचाई पाण्याची नाही, जागेची आहे आणि भांडण आहे ते खाण्याच्या गाड्यांवरून.

कोकणातल्या कुठल्याही गजबजलेल्या किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी जाऊन उभे राहा. ओहोटी असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. भेळेची गाडी, भाजलेली कणसं, शहाळी, बर्फाचा गोळा, वाऱ्याला आडोसा म्हणून ताडपत्री बांधून कढईत सोडलेली कांदाभजी, सगळं ओल्या वाळूच्या वरच्या अंगाला ऐसपैस लागलेलं असतं. भरती चढू लागली की वाळूचा पट्टा आखडतो. गाड्या एकेक करून मागे सरकतात आणि सुरूच्या बनातून थेट वाडीच्या गल्लीत येतात. त्याच गल्लीत पर्यटकांच्या मोटारी आधीच लागलेल्या असतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर रिक्षा आत येत नाही. सकाळी फाटकापाशी शहाळ्याच्या सालांचा ढीग आणि तेलकट कागद पडलेले असतात. ताटल्या दिवसभर एकाच बादलीत विसळल्या गेलेल्या असतात, कारण जवळपास नळच नसतो.

वाडीतल्या लोकांची तक्रार खरी आहे. पण गाडीवाल्याला समुद्रानंच मागे ढकललेलं असतं, हेही तितकंच खरं आहे. त्याच्यासाठी वाळूवर चुन्याच्या रेघा मारून उपयोग नाही, त्या दर भरतीला पुसल्या जातात. किनाऱ्यावरच्या फिरत्या विक्रेत्याला दोन जागा लागतात, एक ओहोटीची आणि एक भरतीची. दुसरी जागा कुणी दिलेलीच नसते, म्हणून तो गल्ली धरतो. या प्रश्नाचं मूळ मला इथं दिसतं. गाडीवाल्याच्या बेशिस्तीत ते शोधत बसलं तर हाती काही लागणार नाही.

शहरांसाठी याचा कायदा आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम 2014 हा 1 मे 2014 पासून लागू झाला. त्याच्या आधी 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की रस्त्यावर विक्री करणं हाही व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, पण अमुकच जागा मला द्या असा हक्क मात्र कुणाला सांगता येत नाही. कायद्यानं याच दोन टोकांमधून वाट काढली. आधी सर्वेक्षण करायचं, मग विक्री प्रमाणपत्र द्यायचं. ते होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. जप्त केलेला माल नाशवंत असेल तर मागणी केल्यावर त्याच दिवशी परत द्यायचा. हे सगळं ठरवायला नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. रहिवाशांचे, पोलिसांचे, व्यापाऱ्यांचे प्रतिनिधीही त्याच टेबलाशी बसतात. कागदावर ही रचना उत्तम आहे. पण मुंबईत 2014 च्या सर्वेक्षणानंतर विक्रेत्यांचे प्रतिनिधी निवडायला मतदान झालं ते थेट 2024 च्या ऑगस्टमध्ये. दहा वर्षं समिती अपुरी राहिली, तरी रस्त्यावरची जप्ती मात्र चालूच होती. विक्रेत्यांना कायद्यावर विश्वास का वाटत नाही, ते यावरून समजतं.

हा कायदा बेतलाय शहरांवर आणि नगरांवर. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या किनाऱ्याला त्याचा आधार मिळत नाही. राज्य सरकारनं 2020 मध्ये बीच शॅक धोरण आणलं. वर्सोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली, केळवे आणि बोर्डी हे आठ किनारे त्यासाठी आधी निवडले. एका किनाऱ्यावर जास्तीत जास्त दहा शॅक आणि त्यांत स्थानिकांना प्राधान्य, असं ते धोरण आहे. पण शॅक म्हणजे एका जागी उभं केलेलं दुकान. डोक्यावर टोपली घेऊन वाळूवर फिरणारी बाई किंवा हातगाडीवर कणसं भाजणारा पोरगा त्या दहांत कसा बसणार? भांडवल असलेल्याची सोय झाली, फिरत्या विक्रेत्याचा विचार राहूनच गेला.

म्हणून हिवरे बाजारची रीत इथं कामाची वाटते. अर्थात ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. तिथली शेतं आणि विहिरी गावकऱ्यांच्या आहेत, त्यामुळे जमीन बाहेरच्याला विकायची नाही असं ते ठरवू शकतात. किनारा सरकारचा आहे. ‘बाहेरचा विक्रेता नको’ एवढाच ठराव केला तर तो टिकणार नाही आणि तसा करूही नये. पण किती गाड्या, कुठं, किती वाजेपर्यंत आणि कोणत्या अटींवर, हे गाव नक्की ठरवू शकतं.

त्यासाठी मोजायचं काय? 2014 च्या कायद्यानं पथविक्रेत्यांना सामावून घेण्याचं प्रमाण लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत ठेवलंय. त्या हिशेबानं दोन हजार वस्तीच्या गावाला पन्नास विक्रेते होतात. किनाऱ्यावर हा हिशेब लागू पडत नाही, कारण रविवारी येणारी गर्दी जनगणनेत नसते आणि पावसाळ्यात तिथं चिटपाखरू नसतं. माझ्या मते माप एकच धरावं: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला वाळूचा जेवढा पट्टा उरतो, तेवढा. त्यातून आधी मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी वाळवायची जागा वगळावी, मग चालणाऱ्यांची वाट. हिवरे बाजार पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतं, तसंच हे. उरलेल्या जागेत किती गाड्या मावतात, तो आकडा खरा. जास्तीच्या गाड्यांसाठी वारांच्या पाळ्या लावता येतील. भरतीच्या वेळेसाठी वाडीबाहेर, वाहनतळाशेजारी एक पडीक जागा ठरवून ठेवावी. तिथं नळ हवा, दिवा हवा आणि शहाळ्याची सालं टाकायला खड्डा हवा. विक्रेत्यांकडून शुल्क घ्यायचं असेल तर आधी नळ द्यावा, मग पावती फाडावी. गाडीवाल्यांनीही अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यावी, ती नाममात्र शुल्कात होते. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तीही पाळावी.

यातली एकही गोष्ट वाडीवाल्यांनी एकट्यानं ठरवू नये. बाहेरगावच्या विक्रेत्याला ग्रामसभेत मत नसतं, पण त्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकायला कुणाची आडकाठी नाही. ज्याला बोलावलं नाही, तो नियम पाळणार तरी कशाला?

दिवाळीच्या सुट्टीची गर्दी सुरू होण्याआधी 2 ऑक्टोबरची ग्रामसभा येते. किनाऱ्यावरच्या वाचकांनी त्याआधीच्या एखाद्या उधाणाला टेप घेऊन वाळूचा पट्टा मोजावा, विषयपत्रिकेत हा विषय घालण्यासाठी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यावा आणि त्या सभेला चार गाडीवाल्यांना सोबत घेऊन जावं.