रिकाम्या चढाईचा हिशेब

बदलापूरहून निघालेली सकाळची लोकल अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत कल्याणला लागेपर्यंत दाराजवळच्या घोळक्यात आदल्या रात्रीचा सामना पुन्हा एकदा खेळून होतो. क्रिकेटचा होतो तसा कबड्डीचाही. या पट्ट्याला कबड्डी टीव्हीने शिकवलेली नाही. गावठाणातली क्रीडा मंडळं, कारखान्यांच्या आसपासचे संघ, थंडीत दिव्यांच्या उजेडात रंगणाऱ्या स्पर्धा हे सगळं प्रो कबड्डी सुरू झाली त्या २०१४ च्या कितीतरी आधीपासून इथे आहे. शेजारच्या कल्याणचा गिरीश इर्नाक डावा कोपरा सांभाळत २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या भारतीय संघापर्यंत पोहोचला. म्हणून इथल्या चर्चेला वजन असतं. बोलणाऱ्यांपैकी अनेकांनी मातीवर गुडघे सोलून घेतलेले असतात. कोपऱ्याने उडी लवकर मारली की उशिरा, साखळी कुठे सुटली, हे त्यांना पडद्यावर दुसऱ्यांदा पाहावं लागत नाही. तरीही या जाणत्या चर्चेत एक गोष्ट हटकून सुटते, आणि माझ्या मते भारत-इराण सामन्यांचं सगळं मर्म त्याच गोष्टीत आहे. ती म्हणजे रिकामी चढाई. ज्या चढाईत ना गुण मिळतो ना गडी बाद होतो, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

७ ऑक्टोबर २०२३ चा हांगझोऊ आशियाई स्पर्धेतला भारत-इराण अंतिम सामना घेऊ. तो अजूनही वादात निघतो. मध्यंतराला भारत १७-१३ असा पुढे होता, शेवटचं जेमतेम मिनिटभर उरलं तेव्हा २८-२८ अशी बरोबरी होती. भारताचा पवन सेहरावत सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या, म्हणजे गुण न मिळाल्यास बाद ठरवणाऱ्या निर्णायक चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात पडला. त्याच्यामागोमाग इराणचे चार बचावपटूही तिथे गेले. जुन्या नियमाप्रमाणे स्पर्शाविना राखीव क्षेत्रात शिरलेले सगळेच बाद. प्रो कबड्डीत रुळलेल्या नव्या नियमाप्रमाणे चढाईपटूने पाऊल ठेवलं की तो बाद आणि चढाई तिथेच संपली. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. आधी एक संघ मॅटवर बसला, मग दुसरा. सामना तासाभर अडकला आणि अखेर ३३-२९ असा भारताच्या नावे लागला. आपल्याकडच्या चर्चेतले जवळजवळ सगळे शब्द या एका तासावर खर्च होतात. भारतावर अन्याय होता होता टळला, की इराणवर झाला? प्रश्न रास्त आहे. एकाच खेळाचे दोन नियम एकाच स्पर्धेत डोकं वर काढतात, ही लाज वाटावी अशीच गोष्ट आहे. पण त्याआधीचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो: उपांत्य सामन्यात पाकिस्तानला ६१-१४ असं लोळवणारा संघ शेवटच्या मिनिटाला बरोबरीत का अडकला होता, आणि पवनसारख्या चढाईपटूवर तिसऱ्या चढाईची सक्ती का आली होती?

याचं उत्तर धावफलकाच्या बेरजेत सापडतं. सामना ४० मिनिटांचा, चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. प्रत्येकाने पुरता वेळ खाल्ला तर दोन्ही संघांच्या मिळून सुमारे ८० चढाया होतात. जकार्तात इराणने भारताला उपांत्य फेरीत २७-१८ असं हरवलं. दोघांचे मिळून गुण ४५. म्हणजे एका चढाईला एकच गुण धरला, तरी ३५ च्या आसपास चढाया कोरड्या गेल्या. लोणाचे, म्हणजे अख्खा संघ बाद केल्याचे, जादा दोन गुण आणि एका चढाईत टिपलेले दोन-तीन गडी हिशेबात धरले, तर कोरड्या चढाया त्याहून अधिकच निघतील. त्याच स्पर्धेत कोरियाने भारताला २४-२३ असं हरवलं, तिथेही बेरीज ४७. उलट २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात मध्यंतराला १३-१८ असा मागे पडलेला भारत ३८-२९ असा जिंकला. तिथे बेरीज ६७ झाली, आणि अजय ठाकूरने चढायांत १२ गुण घेतले. सामना वाहता राहिला की भारताच्या चढाईपटूंची श्रीमंती दिसते. तो आटला की ती श्रीमंती वापरायला संधीच मिळत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: गुण कमी झाले, कारण इराणची पकड भक्कम आहे, यात रिकाम्या चढाईचं कौतुक कसलं? पकड भक्कम आहेच. फझल अत्राचली, मोहम्मदरझा शादलुई ही नावं यू मुम्बा आणि पुणेरी पलटणमुळे आपल्या घरातली झाली आहेत. पण जरा विचार केला तर पकडीने बेरीज कमी होत नाही. पकड झाली की बचाव करणाऱ्याला गुण मिळतो. मॅटवर तीन किंवा त्याहून कमी गडी असताना झाली तर ती अव्वल पकड, तिचे दोन मिळतात. गुण इकडे पडतो नाहीतर तिकडे, बेरजेत तो येतोच. बेरीज घटते ती फक्त एका कारणाने, चढाईपटू निदान रेषा ओलांडून, हात-पाय फिरवून रिकामा परतला तर. आणि पकडही त्याच रिकामेपणावर पोसली जाते. पहिल्या दोन चढायांत गडी निदान रेषा जेमतेम ओलांडून परतू शकतो. तिसऱ्या वेळी त्याला आत यावंच लागतं, आणि ते समोरच्या सातही जणांना ठाऊक असतं. येणार कुठून एवढंच त्यांना ओळखायचं असतं. घोट्याला हात घालणारा कोपरारक्षक तेव्हा धाडस करत नसतो. त्याने आधीच्या दोन चढायांत चढाईपटूची पावलं वाचलेली असतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. तिसऱ्या चढाईची सक्ती दोन्ही संघांना सारखीच, मग तिचा फायदा एकालाच कसा? नियम सारखा असला तरी त्याचा भार सारखा पडत नाही. एकाकडे चढाईपटूंची रांग आहे आणि दुसऱ्याकडे घट्ट बचाव. दर तीन चढायांतली एकच खरी उरली, तर ८० पैकी निकाल ठरवणाऱ्या २६-२७. इतक्या थोड्या संधींत उत्तम चढाईपटू आणि बरा चढाईपटू यांच्यातलं अंतर मिटत जातं, आणि आत येणाऱ्याची वाट पाहणाऱ्याचं पारडं जड होतं. म्हणून बलाढ्य भारताविरुद्ध वेळ खाणं ही इराणची भीती मानू नये. ती त्यांची योजना आहे, आणि ती भारतापुढे सलग दोन आशियाई स्पर्धांत उभी राहिली.

असली कबड्डी बघायला कंटाळवाणी, लोक चढाया बघायला येतात, हेही ऐकू येतं. त्यावर दुसऱ्या खेळातलं उदाहरण देतो. हांगझोऊनंतर तीनच आठवड्यांनी, २८ ऑक्टोबरला पॅरिसजवळ रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १२-११ असं हरवलं. आफ्रिकेचे बाराच्या बारा गुण हँड्रे पोलार्डने मारलेल्या चार पेनल्टी किकचे. सामन्यातली एकमेव ट्राय न्यूझीलंडची, तीही कर्णधाराला लाल कार्ड मिळाल्यामुळे १४ जणांनिशी खेळत असताना. आफ्रिकेने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले. तिथेही देखण्या खेळाची बाजू घेणारे हळहळले असतील. पण सलग तीनदा एका गुणाने जिंकणाऱ्या संघाला समोरच्याला काय करू द्यायचं नाही, हे नेमकं कळलेलं असतं. ते पाहायला शिकलं की कंटाळा उरत नाही. चेंडू हातात घेऊन धावणाऱ्याकडून नजर काढून त्याच्यासमोर बंद होत जाणाऱ्या जागेकडे वळवावी लागते, इतकंच.

इराणची गोष्ट निघाली की ‘आपणच त्यांना शिकवलं’ ही तक्रार येतेच. २०१८ मध्ये भारतीय महिलांना अंतिम सामन्यात २७-२४ असं हरवणाऱ्या इराणी संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या, त्यामुळे ही तक्रार मराठी माणसाच्या तोंडी जरा जास्तच कडवट होते. मला ती पटत नाही. प्रशिक्षक आपल्या डोक्यातलं ज्ञान घेऊन जातो, म्हणून ते आपल्याकडचं कमी होत नाही. शिवाय फझल आणि शादलुई काय करतात हे आपल्या मैदानांवर, आपल्या खेळाडूंच्या बरोबरीने वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. शादलुई आणि हांगझोऊच्या भारतीय संघातला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार यांनी एकाच पुणेरी पलटणला विजेतेपद मिळवून दिलं. इथे काही लपलेलं नाही. ते टिपून ठेवणाऱ्या नजरा मात्र हव्यात. आणि त्या नजरा प्रशिक्षकांच्या खोलीतच असायला हव्यात असंही नाही. अंबरनाथच्या एखाद्या रात्रीच्या स्पर्धेत दोरीबाहेर बसलेल्या पोराने कोणी किती गुण घेतले याबरोबर कितवी चढाई होती, मॅटवर किती गडी उभे होते आणि घड्याळात किती उरलं होतं, हे तीन आकडे लिहायला घेतले तर त्याला चार सामन्यांत जे दिसेल ते समालोचनात ऐकू येत नाही. सहा किंवा अधिक गडी समोर असतील तरच बोनस. मग पाच गडी उरलेल्या संघापुढे रिकामी चढाई स्वस्त की महाग? लोण अंगावर येत असताना शेवटच्या दोघांनी वेळ खावा की अव्वल पकडीचे दोन गुण शोधावेत? या प्रश्नांवर दाराजवळचा घोळका वाद घालू लागला, तर कल्याण येईल तेव्हा तो संपलेला नसेल.

हा हिशेब खरा की नाही हे तपासायला हांगझोऊचा त्याच दिवशीचा महिलांचा अंतिम सामना अधिक चांगला आहे, कारण त्यात वादाचा धुरळा नाही. गटसाखळीत भारत आणि चायनीज तैपेई ३४-३४ असे बरोबरीत सुटले होते, बेरीज ६८. अंतिम फेरीत तेच दोन संघ भेटले आणि भारत २६-२५ असा जिंकला, बेरीज ५१. तोच प्रतिस्पर्धी, तीच स्पर्धा, आणि १७ गुण गायब. त्या सुवर्णपदकाने भारताची स्पर्धेतली शंभर पदकं पूर्ण झाली म्हणून बातमी झाली. ते १७ गुण कुठे गेले, कोणत्या संघाने ते जाऊ दिले आणि एका गुणाची आघाडी शेवटपर्यंत कोणत्या कोरड्या चढायांनी जपली, यावर कोणी वाद घातल्याचं दिसत नाही.