पाठांतराने रोगी बरा होत नाही

हुबळीत १९५७ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. हल्ली आपल्या शेतकरी घरांतील मुली नर्सिंग शिकायला हुबळी-धारवाडला जातात. गावच्या शाळेत मराठी वा कन्नडमधून शिकलेल्यांना इंग्रजी पुस्तके जड जातात, मग त्या सारे पाठ करू लागतात.

नवे बियाणे आपण आधी एका वाफ्यात पेरून जुन्याशी ताडून पाहतो. अभ्यासाचेही तसेच. १९७१ साली बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांत पटकीची साथ होती. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खायचा सोडा घातलेले पाणी पाजले आणि नोंदी ठेवल्या. दगावणारे शेकडा सुमारे ३० वरून ४ च्या खाली आले. नोंदी होत्या, म्हणूनच इतरांना पटवता आले.

विद्यार्थ्यांना आम्ही सुचवतो: एका वेळी एकच प्रश्न घ्या. उत्तर दोन ग्रंथांत पडताळा. आपल्या शब्दांत लिहा. ग्रंथाचे नाव, साल व पान टिपा. आठवड्याने वही मिटून आठवून पाहा.

आईवडिलांनी सुट्टीत एवढेच म्हणावे, "काय शिकलीस, आम्हांला समजेल असं सांग." जे सांगता येत नाही, ते अजून शिकायचे आहे.