नादारीचा अर्ज करण्याआधी मनात येणारे प्रश्न

जुन्या शहरात एखाद्याच्या दुकानाचं शटर महिनाभर खाली राहिलं की लगेच चर्चा सुरू होते, "त्याचं दिवाळं निघालं." पण कोर्टात रीतसर अर्ज करून स्वतःला नादार जाहीर करून घेणारा माणूस आपल्याकडे क्वचितच दिसतो. हप्ते थकले की ते भरायला खासगीतून पाच टक्के महिन्याने पैसे उचलले जातात आणि शेवटी एका रात्री कुटुंब गाव सोडून जातं. कायद्याने ठेवलेल्या वाटेची माहिती नसते, आणि माहिती असली तरी भीती असते. या भीतीपैकी काही खरी आहे, बरीचशी खोटी.

आधी कायदा कोणता ते पाहू. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचं नाव बातम्यांत सतत येतं. पण त्यातला सामान्य माणसासाठीचा भाग अजून लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला स्वतःची हमी देणाऱ्यांना मात्र तो 1 डिसेंबर 2019 पासून लागू आहे. त्यामुळे अकोल्याच्या किराणा दुकानदाराला किंवा ऑटोवाल्याला आजही इंग्रजांच्या काळातला 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो. अर्ज मोर्णेच्या पलीकडे, जिल्हा न्यायालयात करावा लागतो. कायदा किती जुना आहे बघा, अर्जासाठी कर्ज किमान 500 रुपयांचं असावं, असं त्यात लिहिलेलं आहे!

"जेलमध्ये टाकतील का?" हा पहिला प्रश्न. निव्वळ पैसे नाहीत म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असूनही जो मुद्दाम देत नाही त्याच्यासाठी दिवाणी कैद आहे, हे सुप्रीम कोर्टाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केलं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला तर अटक करताच येत नाही. नादार ठरल्यावर अटकेपासून संरक्षणाचा आदेशही कोर्टाकडे मागता येतो. मात्र चेक बाऊन्सची केस फौजदारी असते, ती या अर्जाने आपोआप थांबत नाही. ज्यांनी कोरे चेक सही करून दिले आहेत त्यांनी हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावं.

दुसरी काळजी घराची. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. म्हणजे शिंप्याची मशीन, सुताराचा रंधा त्याच्याकडेच राहतो. मजुराचं किंवा शेतकऱ्याचं राहतं घरही यात येतं. दुकानदाराच्या घराला मात्र ही सूट नाही. आणि घर बँकेकडे गहाण असेल तर नादारीच्या अर्जाने बँकेचा हक्क अडत नाही.

घर वडिलांच्या नावावर असेल तर? आपल्या शरीअतच्या कायद्यात वडील हयात असेपर्यंत मुलाचा त्यांच्या मालमत्तेत हिस्सा नसतो. म्हणून मुलाच्या कर्जासाठी घेणेकरी त्या घराला हात लावू शकत नाहीत. मात्र नादारीतून सुटका होण्याआधीच वडिलांचं निधन झालं, तर वारसाने आलेला हिस्सा रिसिव्हरकडे जातो.

इथेच मोहल्ल्यातला एक सल्ला घातक ठरतो. "बीवीच्या नावाने हिबा करून टाक, मेहरमध्ये दाखव." अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत असं काही केलेलं असेल तर कोर्ट ते रद्द करू शकतं, आणि अर्जदाराच्या नियतीवर संशय येतो तो वेगळाच. बायकोला खरोखर मेहरमध्ये दिलेले दागिने तिचेच, ते नवऱ्याच्या कर्जात जात नाहीत. बाकी राहिलेली मेहर हेही कर्जच आहे, ती यादीत लिहावी. अर्जाच्या तोंडावर, तीन महिन्यांच्या आत, बाकीच्यांना मागे ठेवून एकट्या मेहुण्याचे पैसे चुकते केले तर तेही उलटवता येतं.

आमच्या मते सगळ्यात मोठी काळजी जामीनदाराची असायला हवी, आणि नेमकी तीच कुणी करत नाही. कर्जदार सुटला तरी जामीनदार सुटत नाही. पतसंस्थेच्या कागदावर भावाने किंवा शेजाऱ्याने सही केली असेल तर वसुली त्याच्या दारात जाईल. अर्ज करण्याआधी त्याला सांगणं, त्याच्यासोबत बसून तडजोडीची रक्कम काढणं, हे कायद्याने सक्तीचं नाही, पण माणुसकीचं आहे.

"नाव पेपरात येईल?" आदेश सरकारी राजपत्रात छापला जातो, हे खरं. सुटका होईपर्यंत नगरसेवकाची निवडणूक लढवता येत नाही. आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपयांच्या वर उधार घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही रक्कमही 1920 ची. सुटका आपोआप मिळत नाही, कोर्टाने दिलेल्या मुदतीत तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, नाहीतर सगळंच रद्द होतं. सुटका झाली तरी सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं कर्ज आणि बायको-मुलांची पोटगी माफ होत नाही.

राहिला दीनचा प्रश्न. कर्ज बुडवणं गुनाह आहे, मग हा अर्ज जायज कसा, असं विचारणारे प्रामाणिक असतात. सहीह मुस्लिममध्ये एक रिवायत आहे. फळांच्या खरेदीत नुकसान होऊन एक माणूस कर्जात बुडाला. प्रेषित (स.) यांनी लोकांना त्याच्यासाठी सदका द्यायला सांगितलं. तरीही कर्ज फिटेना, तेव्हा घेणेकऱ्यांना सांगितलं की जे मिळतंय ते घ्या, त्यापलीकडे तुमच्यासाठी काही नाही. तंगीत असलेल्या कर्जदाराला मुदत द्यावी, हे सूरह बकराच्या आयत 280 मध्ये आहे, आणि जकातच्या आठ मदांत कर्जदार आहेतच. कोर्टाची सुटका मात्र कायद्यापुरती असते. पुढे ऐपत आली तर देणं द्यावं, असं बहुतेक उलमा सांगतात.

खासगी सावकाराचं काय? पाच टक्के महिन्याने म्हणजे वर्षाला साठ टक्के. परवाना नसताना सावकारी करणं हा 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. व्याजापोटी घर किंवा शेत लिहून घेतलं असेल तर तेही तिथेच सांगावं. बँकेच्या वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथून मोफत वकील मिळतो, आणि लोक अदालतीत तडजोड होते का तेही पाहता येतं. जाताना सगळ्या घेणेकऱ्यांची यादी न्यावी, त्यात मशिदीतल्या दोस्ताकडून तोंडी घेतलेले दहा हजारही लिहावेत.